पट्ट्यांतले दिवे

पातूर, ८ मार्च २०२५

चि. रागिणी,

मामाचा आशीर्वाद. तो नेहमीचाच आहे, पण टिकाऊ आहे.

पत्र पाहून दचकू नको, घरात सगळे बरे आहेत. सगळे म्हणजे मी आणि तुझी मामी. तू म्हणशील, फोन का नाही केला. उजवा कान दोन वर्षांपूर्वीच गेला होता, डाव्यानं गेल्या दिवाळीत राम म्हटला. मोबाईलवर लिहायला जावं तर माझ्या एका बोटाखाली तीन अक्षरं येतात. म्हणून हे पोस्टाचं पत्र.

दोन वस्तू पाहिजेत. अमरावतीत तुझं याच वस्तूंचं दुकान असताना मी अकोल्यात दुसऱ्याच्या दारात कशाला जाऊ? पहिली वस्तू कॅल्क्युलेटर. झेंडूची तोडणी सुरू आहे. फुलबाजारात तोंडी हिशेबाला माझा हात धरणारा कोणी नव्हता, पण आता व्यापारी काय बोलतो ते ऐकू येत नाही, आकडा दाखवूनच बोलावं लागतं. बटणं मोठी हवीत आणि आकडा उन्हात दिसला पाहिजे.

दुसरी वस्तू कॅसिओ. माझ्या पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला. दुरुस्तीवाल्यानं नुसती मान हलवली.

मामी म्हणते, "बहिऱ्याले बाजा कायले पायजे?" तिचं चूक नाही. पण चाळीस वर्षं मी इथल्या पोरांना पेटी शिकवली. शेवटचा विद्यार्थी दिवाळीनंतर सोडून गेला. त्याच्या वडिलांनी मला कागदावर लिहून दिलं, 'काका, तुम्हाला चूक ऐकू येत नाही, मग दुरुस्त कशी करणार?' बरोबरच लिहिलं होतं. तरी त्या दिवशी मी जेवलो नाही. तेव्हापासून हात नुसते मांडीवर पडून असतात. त्यांना फिरायला काहीतरी दे. फार महाग नको.

तुझा उत्तममामा

---

अमरावती, १३ मार्च २०२५

ती. मामा,

तुम्हाला आणि मामीला नमस्कार. मामीला थोडा जास्त, कारण तुम्हाला सांभाळणं आता दुप्पट अवघड झालं असणार.

कॅल्क्युलेटरचं आधी सांगते. रस्त्यावर शंभराला मिळतो तो घेऊ नका, त्याची रबरी बटणं दोन उन्हाळ्यांत चिकट होतात. बारा आकडी, कडक बटणांचा आणि ऊन व सेल दोन्हींवर चालणारा घ्यावा. आकडा ठळक असलेला एक तुमच्यासाठी बाजूला काढला आहे. ओल्या हातानं वापराल तर बटणांवर प्लॅस्टिकची पिशवी चढवा.

आता कॅसिओ. मामा, कोणत्याही कीबोर्डला तुम्ही कॅसिओच म्हणता. मी पाठवते तो साध्या कंपनीचा आहे, पण रोजच्या वापराला चांगला. छोट्या पट्ट्यांचे कीबोर्ड स्वस्त येतात, पण तुमच्या बोटांना ते खेळणं होईल. हा एकसष्ट पट्ट्यांचा, पूर्ण मापाचा आहे. मुख्य म्हणजे पट्टी दाबली की तिच्यात लाल दिवा लागतो. नवशिक्यांसाठी केलेली सोय आहे, पण मला तुमचीच आठवण झाली. ऐकू येत नाही तर निदान दिसेल. वरच्या जाळीवर तळहात ठेवा, सूर हाताला लागेल.

शोकेसमध्ये बरेच दिवस होता म्हणून निम्म्या किमतीत देते. दोन्ही वस्तू अकोल्यापर्यंत एसटीच्या पार्सलने पाठवते.

तुमची रागिणी

---

पातूर, २४ मार्च २०२५

चि. रागिणी,

आशीर्वाद. पार्सल मिळालं. तू माझी भरबाजारात शोभा केलीस ते आधी ऐक.

तुझा कॅल्क्युलेटर बोलतो. हे तू सांगितलं नाहीस, आणि मला कळायचा प्रश्नच नव्हता. अकोल्याच्या फुलबाजारात मी कोपऱ्यात वळून, माझा शेवटचा भाव किती परवडतो ते गुपचूप काढत होतो. समोर पाहतो तर व्यापारी पोट धरून हसतोय. त्यानं पाटीवर खडूनं लिहून दाखवलं, 'काका, तुमचा भाव तं तुमच्या मशीनमधल्या बाईनंच सांगून टाकला.' प्रत्येक आकडा ती बाई खणखणीत आवाजात बोलत होती म्हणे. पूर्ण बाजाराला माझ्या पोटातलं माहीत झालं.

आवाज बंद करायचं बटण मामीनं शोधलं, पण घरी ती ते पुन्हा चालू करते. "घरात कोनी तं बोलते," म्हणाली. मी ते ओठांवरून वाचलं. बहिऱ्याच्या बायकोला किती शांतता सोसावी लागते हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

कीबोर्ड मात्र सोन्यासारखा आहे. जाळीवर हात ठेवला की खर्ज मनगटापर्यंत येतो. पहिल्या दिवशी मी भूप वाजवला आणि, तुला म्हणून सांगतो, रडलो.

एक विचारायचं आहे. दुपारी साडेतीनला तो आपोआप सुरू होतो. पट्ट्यांचे दिवे एकेक करून लागतात, कोणी शिकवल्यासारखे. चारच्या सुमारास विझतात. मामीचे कान चांगले आहेत, तरी तिला आवाज ऐकू येत नाही, ती समोरच वाती वळत बसलेली असते. मला मात्र जाळीवर हात ठेवला की थरथर लागते. कंपनीनं भरून दिलेलं गाणं असेल. ते कसं बंद करायचं?

उत्तममामा

---

अमरावती, २९ मार्च २०२५

ती. मामा,

बोलणाऱ्या बाईबद्दल कान पकडते. चुकून बोलणाऱ्यांच्या खोक्यातला गेला. बदलून देऊ का? मामी नको म्हणत असेल तर राहू द्या.

कीबोर्डमध्ये नमुन्याची गाणी असतात, ती एका बटणानं सुरू होतात. ते बटण उजव्या हाताला वर आहे, तुमचा पंजा लागत असेल. ठरलेल्या वेळी सुरू होण्याची सोय मात्र त्यात नाही. तुम्ही जेवून टेकता, उन्हानं डोळे दिपलेले असतात, तेव्हा दिवे दिसल्यासारखे वाटत असतील. तुमच्या पातूर-अकोल्याच्या उन्हात माणसाला काय दिसणार नाही?

तरी वाजवून झालं की तार काढून ठेवत जा आणि पोटातले सहाही सेल काढा. उन्हाळ्यात सेल पाझरतात आणि आतली पट्टी खातात.

कामाच्या गडबडीत आहे, थोडक्यात लिहिते. दुपारी बाहेर फिरू नका.

रागिणी

---

पातूर, ९ एप्रिल २०२५

चि. रागिणी,

मी म्हातारा आहे, बहिरा आहे, पण आंधळा नाही.

तार काढली आणि खुंटीला टांगली. सेल काढून डब्यात ठेवले. एक एप्रिलला साडेतीनला मी समोर बसलो. बाहेर गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. भर दुपारी आपल्याकडे काय काय फिरतं याच्या गोष्टी मी लहानपणी ऐकल्या आहेत आणि तेवढ्याच हसण्यावारी नेल्या आहेत. दिवे लागले, रागिणी. आधी मधला सा, मग रे, मग ग.

मी खोलीबाहेर पळालो. खोटं कशाला बोलू. मामीनं विचारलं, काय झालं, तर मी उलटी आल्याची खूण केली. तिला अजून काही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र गेलो. कारण रात्रभर त्या चालीनं मला झोपू दिलं नव्हतं, भीतीनं नाही. चाल अशी आहे: सा रे ग प, ग रे सा. मग वर जाते, प ध सां, आणि उतरते, ध प ग. साधी, गोड, मुलांनी म्हणावी अशी. पण उतरताना प्रत्येक वेळी ग ऐवजी शेजारच्या म ची पट्टी उजळायची. या चालीत म नाहीच. म लागला की सगळे दिवे विझायचे, आणि क्षणभरानं परत पहिल्या सा पासून सुरू. पुन्हा तिथेच चूक. पुन्हा पहिल्यापासून.

यंत्र असं चुकत नाही. असं फक्त शिकणारं माणूस चुकतं. बोट घाईनं खाली येतं आणि वाटेतल्या पट्टीवर अडतं. माझ्याकडच्या कमीत कमी पन्नास पोरांनी ही चूक केली असेल.

मग माझ्या हातानं जे चाळीस वर्षं केलं तेच केलं. ध प झालं आणि मी माझं बोट ग वर ठेवलं. बाकी काही नाही, नुसतं ठेवलं, पोरांना दाखवतो तसं. दिवे थांबले. बराच वेळ थांबले. मग ग उजळला, माझ्या बोटाखाली. ती पट्टी गार होती, बेचाळीस डिग्रीच्या दुपारी, माठाच्या बुडासारखी.

आता आठ दिवस झाले. ती जागा पक्की झाली. नवी ओळ निघाली, तीही मी दोन ठिकाणी सुधारली. मला चूक ऐकू येत नाही हे खरं, पण ही दिसते. भीती आहेच. पण सकाळी उठल्यावर मी साडेतीनचीच वाट बघतो, हेही खरं.

हात लहान आहे, एवढं मी सांगू शकतो. सा पासून सां पर्यंत पोचायला त्याला सरकावं लागतं. आता तू सरळ सांग. हा कीबोर्ड कोणाचा आहे?

उत्तममामा

---

अमरावती, १५ एप्रिल २०२५

ती. मामा,

मी तुमच्याशी खोटं बोलले. कीबोर्ड शोकेसचा नव्हता. फेब्रुवारीत ओमप्रकाश नावाचे एक गृहस्थ तो स्कूटरवर बांधून घेऊन आले होते. पहिली किंमत सांगितली तीच त्यांनी घेतली आणि म्हणाले, "घरून कोनी विचाराले आलं तं सांगू नका." माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. पण वस्तू चांगली होती, आणि पुढे मार्चमध्ये तुम्हालाही स्वस्तातलीच पाहिजे होती. स्वतःच्या मामाला कोणाची तरी वापरलेली वस्तू दिली हे लिहायची लाज वाटली.

तुमचं पत्र आलं त्या दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मला वाटलं मामांचं डोकं ठिकाणावर नाही. तरी पत्र समोर धरून तुमची ती ओळ दुकानातल्या कीबोर्डवर वाजवून पाहिली. प ध सां, ध प, आणि मला ग ची पट्टी सापडेना म्हणून मी थांबले. तेवढ्यात दारातून कोणीतरी पुढचं गुणगुणलं. मामा, त्यांनी म घेतला. तुम्ही लिहिलं होतं या चालीत म नाही. त्यांनी म च घेतला.

त्या हर्षाताई, ओमप्रकाशजींच्या मिसेस. शहरातलं एकेक दुकान धुंडाळत आल्या होत्या. म्हणाल्या, "हे आमच्या आचलचं हाय. तुमी कुठून शिकल्या?" आचल त्यांची मुलगी, अकरा वर्षांची. शाळेच्या संमेलनासाठी बाईंनी स्वतः बांधलेलं स्वागतगीत ती बसवत होती. ते शाळेबाहेर कोणाला माहीत नाही, आणि ती चूक तर घराबाहेर कोणालाच माहीत नाही. जानेवारीत चार दिवसांच्या तापानं ती गेली. हर्षाताई रोज दुपारी कीबोर्डसमोर बसून राहायच्या, म्हणून नवऱ्यानं तो त्यांच्या नकळत विकला.

मी त्यांना तुमचं पत्र वाचायला दिलं. वाटलं, मला वेड्यात काढतील. त्यांनी वाचून एवढंच विचारलं, "किती वाजता?" मी साडेतीन म्हटलं तर खाली बसल्या. शाळेतून येऊन, जेवून ती साडेतीनलाच बसायची.

या स्वस्त कीबोर्डात वाजवलेलं साठवता येतं, पण सेल काढले की ते पुसलं जातं. सेल मीच तुम्हाला काढायला लावले. म्हणजे आत काहीच उरलेलं नाही. मग तुम्हाला दिसतं ते काय आहे, मला माहीत नाही.

हर्षाताईंना कीबोर्ड परत हवा आहे. आणि त्यांनी हात जोडून सांगितलं आहे, तिला पुढचं शिकवू नका. चाल पूर्ण झाली तर ती राहणार नाही असं त्यांना वाटतं. मामा, पार्सलनं पाठवून द्या. माझ्यामुळे तुमच्या घरात ही गोष्ट आली, मला झोप नाही.

रागिणी

---

पातूर, २२ एप्रिल २०२५

चि. रागिणी,

तू खोटं बोललीस याचा राग आला होता, पण आता त्याला जागा उरलेली नाही.

पार्सलनं पाठवणार नाही. एसटीच्या टपावर, पोत्यांखाली? मी ते करू शकत नाही. आणि दुसरं कारणही लपवत नाही. इतक्या महिन्यांनी मला विद्यार्थी मिळाला होता. ती कोण आहे हे कळल्यावरसुद्धा मला तिला सोडवेना. एखाद्या आईपुढे हे बोलायची माझी टाप नाही, म्हणून तुला लिहितो.

पण शिकवणं मी थांबवलं. तुझं पत्र अठराला मिळालं, तेव्हापासून हात काखेत घालून बसतो. फक्त शेवटची ओळ राहिली आहे. ती ग रे सा वरून खालच्या ध वर जाते आणि सा वर संपते, हे चालीच्या वळणावरून कळतं. खालचा ध लांब पडतो. लहान हात पोचत नाही, तो नि वरच पडतो. अंगठा जरा खालून फिरवला की झालं, दोन मिनिटांचं काम आहे. मी दोन मिनिटांचं काम करत नाही आणि समोर जे चाललं आहे ते बघतो.

पूर्वी चार वाजता दिवे विझायचे. अठराला साडेचार झाले. एकोणीसला साडेपाच. ती शेवटच्या ओळीपर्यंत येते, नि लागतो, सगळं विझतं, आणि परत पहिल्यापासून. पहिल्यापेक्षा घाईनं. काल किती वेळा ते मोजावं म्हणून मी कॅल्क्युलेटरवर एकेक मिळवत गेलो. आवाज चालू होता हे मला काय ठाऊक. मामी स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारात थबकली. तिचे ओठ मी वाचले. "कोन मोजून राहिलं? चौसष्ट, पासष्ट, थांबूनच नाई राहिली ते बाई." मी तिला म्हटलं, झेंडूच्या माळा मोजतोय. खोलीत एकही फूल नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि निघून गेली.

सातला, दिवेलागणीला थांबलं. शेवटी शेवटी जाळीवरची थरथर सुराची नव्हती. माझ्या हातामागे चाळीस वर्षं आहेत, त्याला सूर आणि हुंदका वेगळे कळतात.

म्हणून हर्षाबाईंना माझा एक प्रश्न दे. मी शेकडो मुलं पाहिली. अकरा वर्षांचं पोर स्वतःहून एवढा वेळ बसत नाही, चौथ्या चुकीला ते खेळायला पळतं. ही उठत का नाही?

उत्तममामा

---

अमरावती, २६ एप्रिल २०२५

उत्तमराव काका,

तुम्ही मला ओळखत नाही. रागिणीताईंनी तुमचा प्रश्न दाखवला. उत्तर त्यांच्याजवळ तोंडी सांगता येईना, म्हणून लिहून पाकीट बंद करून देते.

ती उठत नाही कारण मी सांगितलं आहे. एकदा न चुकता वाजवल्याशिवाय उठायचं नाही, मग खेळायला जायचं, हा नियम माझा. मला संगीतातलं काही कळत नाही. तिनं चुकीचं वाजवून 'झालं' म्हटलं असतं तर मला समजलंही नसतं. पण ती फसवत नव्हती. स्वतःच 'चुकलं' म्हणायची आणि पहिल्यापासून धरायची.

त्या दिवशी साडेतीनला बसली. चारला म्हणाली, आई, डोकं दुखते. संमेलन तीन दिवसांवर होतं. मला वाटलं, शेवटची ओळ येत नाही म्हणून बहाणा करते. मी म्हटलं, आधी वाजव. मी स्वयंपाकघरात होते, तिकडून मला ऐकू येत होतं, पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा. दिवे लावायच्या वेळी आवाज थांबला. मी खूश झाले, वाटलं जमलं. जाऊन पाहिलं तर पट्ट्यांवर डोकं ठेवून पडली होती. अंग भाजत होतं. त्यानंतर ती शुद्धीवर आलीच नाही.

हे मी यांनाही सांगितलेलं नाही. यांना वाटतं मी आठवणीनं त्या कीबोर्डसमोर बसत होते. मी माफी मागत होते. आमच्या घरी मला कधी दिवे दिसले नाहीत, काका. मला ती दिसली नाही आणि तुम्हाला दिसली, याचं मला फार लागलं. पण मी तिला शिक्षाच दिली आणि तुम्ही बोट ठेवून दाखवलं, म्हणून असेल.

तुम्ही तिला शेवटची ओळ शिकवू नका असं मी सांगितलं होतं. शिकली की जाईल, नाही शिकली तर अशीच बसून राहील. दोन्ही माझ्यानं सोसवत नाही. मी दोन मेला येते. तोपर्यंत तिला एकटं बसू देऊ नका.

हर्षा

---

पातूर, ४ मे २०२५

चि. रागिणी,

आशीर्वाद. काल आणि आज साडेतीनला मी समोर बसलो होतो. काही झालं नाही. पट्ट्या उन्हानं तापलेल्या होत्या, बाकीच्या घरासारख्याच. मला वाईट वाटतं, आणि ते तुला सांगितल्यावाचून राहवत नाही. आता परवाचं सांगतो.

हर्षाबाई एकट्याच आल्या, एक वाजताच्या गाडीनं. मामी सकाळपासून मळ्यात तोडणीला गेली होती. त्यांना मी पाणी दिलं, जेवायला वाढलं. त्यांनी दोन घास खाल्ले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून बसल्या. तीनला मामी फुलांची टोपली घेऊन आली आणि बाहेरच्या उंबऱ्यावरच माळा ओवत बसली, तिथे जरा वारा असतो. मी तिला खुणेनं सांगितलं, रागिणीच्या ओळखीच्या बाई आहेत, आत बसल्या आहेत. यापेक्षा जास्त तिला काहीच माहीत नव्हतं, एवढं ध्यानात ठेव.

साडेतीनला सा उजळला.

हर्षाबाई ओरडल्या नाहीत. त्यांचा हात धरून मी जाळीवर ठेवला. कीबोर्डची थरथर त्यांना कळली हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. दिवे पुढे निघाले. म ची जागा आली तेव्हा त्यांनी श्वास धरला, आणि ग लागला तशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला जन्मभर पुरेल. मग शेवटची ओळ. ग रे सा, आणि नि. सगळं विझलं. पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या खेपेला मी माझं बोट खालच्या ध च्या वर धरलं आणि त्यांना खूण केली, इथे, तुम्ही ठेवा, आईनं दाखवलेलं बरं. मला खरंच वाटत होतं की तेच करायला त्या आल्या आहेत. त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या वाकल्या, पट्ट्यांच्या अगदी जवळ तोंड नेलं, आणि बोलल्या. मी ओठ वाचले.

"ऊठ माय. चुकलं तं चुकलं. मीच चुकली होती. जाय, खेळाले जाय."

दिवा नि वर होता. तो विझला नाही. चूक झाल्यावर रोज विझणारा दिवा तसाच राहिला, आई खरंच म्हणते आहे की नाही हे बघायला पोर थांबतं ना, तेवढा वेळ. हर्षाबाईंनी मान हलवली. हो म्हणून.

मग तो विझला. चाल अर्धीच राहिली. माझं बोट ती पूर्ण करायला शिवशिवत होतं. मी दुसऱ्या हातानं ते धरून ठेवलं.

तेवढ्यात मी दाराकडे पाहिलं. उंबऱ्यावर बसलेल्या मामीनं मान वर केली, फुलांची टोपली आपल्याकडे ओढली आणि दोन्ही गुडघे एका अंगाला घेतले. कोणाला जायला वाट देतो, तसे. थोडा वेळ ती गल्लीत बघत राहिली. मग आत वळून हर्षाबाईंना काहीतरी म्हणाली, आणि त्या बाईंचा चेहरा बघून मी मामीला विचारलं, तू काय बोललीस? पन्नास वर्षं पाहिलेल्या त्या ओठांवरचा एकही शब्द माझा चुकत नाही. तिनं कपाळाला आठ्या घालून पुन्हा सांगितलं.

"त्याइच्या पोरीले म्हनून राहिली ना, एवढ्या उन्हात अनवानी कुठं पळाली थे? चप्पल तं घालून दे म्हना."

हर्षाबाई उठल्या. कोपऱ्यात मामीच्या चपला होत्या, त्या त्यांनी हातात घेतल्या आणि उंबऱ्यापर्यंत गेल्या. गल्लीत कोणी नव्हतं. त्या बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मामीनं गल्लीच्या टोकाला पोरं खेळतात त्या मैदानाच्या दिशेनं हनुवटी केली आणि पुन्हा माळ ओवायला घेतली.

उत्तममामा